वैभववाडी रेल्वेसाठी संसदेच्या याचिका समितीकडे जावं का?

रंकाळ्याकाठी

मंडळी, एक सल्ला पाहिजे.

आमच्या पेठेतल्या पोरांनी यंदा डोक्यात घेतलंय की कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेसाठी सह्यांची मोहीम काढायची. इथल्यांना सगळं पाठ आहे, तरी बाहेरच्यांसाठी सांगतो. १८९१ ला मिरजेहून संस्थानची रेल्वे कोल्हापुरात आली आणि इथंच थांबली. पुढं गगनबावड्याकडं रूळ नाहीत. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तिकडं खाली वैभववाडीला स्टेशन आलं, पण आपल्याला तिथं पोचायचं तर करूळ नाहीतर भुईबावडा घाट. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात हा जोडमार्ग आला. शंभर किलोमीटरच्या थोडं वर अंतर. पेपरात नकाशे छापून आले. गाडी काही आली नाही.

निवेदनं देऊन झाली, देताना फोटो काढून झाले. आता एकानं सांगितलंय की संसदेची याचिका समिती म्हणून असते आणि तिच्याकडं कुठलाही नागरिक थेट अर्ज करू शकतो. पोरं म्हणतात एक लाख सह्या करू आणि टेम्पो भरून दिल्लीला पाठवू. हे खरंच चालतं का, सह्या किती लागतात, आणि त्या कागदांचं पुढं होतं काय? ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा. बाकीचे पण लिहिणारच, त्यांना कोण अडवणार.

तांबडा_पांढरा

मी पहिला!

समिती पाहणीला कोल्हापूरला आली तर जेवणाचं माझ्याकडं लागलं.

चिमासाहेब_चौक

भावा, कशाला पोरांचा वेळ घालवतोस. कोल्हापूरला अर्ज करून काय मिळालंय सांग. टोल अर्जानं गेला का? हजारोंनी रस्त्यावर उतरलो तेव्हा गेला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वकिलांनी किती वर्षं काढली, कामकाज बंद, मोर्चे, उपोषणं, तेव्हा कुठं ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंच आलं. दिल्लीला कागद पाठवून रेल्वे येत असती तर ती आमच्या आजोबांच्या वेळेलाच आली असती.

दिल्लीत_होतो

काही वर्षं एका खासदारांच्या दिल्लीतल्या कार्यालयात काम केलं आहे. याचिकांचे कागद हाताखालून गेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

याचिका समित्या दोन आहेत. लोकसभेची वेगळी, राज्यसभेची वेगळी. लोकसभेच्या समितीत १५ खासदार, नेमणूक अध्यक्षांकडून. राज्यसभेच्या समितीत १० आणि नेमणूक सभापतींकडून. लोकसभेच्या समितीत मंत्र्याला घेत नाहीत, सदस्य मंत्री झाला तर त्याला समिती सोडावी लागते. सगळ्या पक्षांचे लोक असतात. ही व्यवस्था इंग्रजांच्या काळापासूनची, मध्यवर्ती विधिमंडळात १९२४ ला अशी समिती झाली होती.

आता सह्या. एक सही पुरते. लाख सह्या आणल्या म्हणून अर्ज पुढच्या रांगेत जात नाही. उलट अडचण वाढते, कारण सही करणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पत्ता लागतो, आणि सह्या एकापेक्षा जास्त कागदांवर असतील तर प्रत्येक कागदाच्या माथ्यावर मागणी पुन्हा छापलेली लागते. कोऱ्या वहीवर नुसत्या सह्या घेतल्या तर त्या रद्दी. आणि टेम्पोत कात्रणं, नकाशे, जुन्या निवेदनांच्या झेरॉक्स घालणार असाल तर राहू द्या. याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं किंवा दुसरे कागद जोडता येत नाहीत. जे म्हणायचं ते अर्जातच.

अर्ज सभागृहाला उद्देशून लिहायचा आणि शेवटी नेमकी मागणी. मग दोन वाटा. एक, खासदारांनी त्यावर प्रतिस्वाक्षरी करून सभागृहात मांडायचा. मांडताना ते फक्त एवढंच म्हणतात की अमुक जणांच्या सह्यांची अमुक विषयावरची याचिका सादर करतो. भाषण नाही, चर्चा नाही. दुसरी वाट म्हणजे थेट महासचिवांकडे पाठवायचा, ते सभागृहाला कळवतात. दोन्हीकडून कागद समितीकडेच जातो.

समिती आधी बघते की अर्ज नियमात बसतो का. बसला तर संबंधित मंत्रालयाकडून लेखी म्हणणं मागवते. ते गुळमुळीत आलं तर अधिकाऱ्यांना समोर बोलावते. अर्जदाराला बोलावू शकते, जागेवर जाऊन पाहणी करू शकते. शेवटी सभागृहाला अहवाल, त्यात शिफारशी, आणि मंत्रालयाने त्यावर काय केलं हे समितीला कळवायचं. शिफारस बंधनकारक नसते, हे आत्ताच सांगून ठेवतो. नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका.

चिमासाहेब_चौक

बघा, शेवटच्या ओळीत आलंच. बंधनकारक नसते. म्हणजे निवेदनच, फक्त दिल्लीचा पत्ता.

दिल्लीत_होतो

@चिमासाहेब_चौक, निवेदन दिलं की तुमच्याकडे पोच राहते. इथे सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याला सगळ्या पक्षांच्या खासदारांसमोर बसून उत्तर द्यावं लागतं, आणि ते नोंदवलं जातं. प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्री "प्रकरण विचाराधीन आहे" म्हणून खाली बसू शकतात. समितीच्या खोलीत पुढचा प्रश्न येतो: कोणाच्या विचाराधीन, कधीपासून, फाईल कुठल्या टेबलावर? तिथे कॅमेरे नसतात, त्यामुळे खासदारही टाळीसाठी बोलत नाहीत. मी तर म्हणेन की या समितीचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो थोडका नाही.

गगनबावडेकर

धागा वाचतोय. रेल्वे आमच्या दारातनं जाणार म्हणून जमिनीचे भाव वर जाऊन खाली पण आले.

करूळ घाट कामासाठी महिनोन्महिने बंद होता तेव्हा आम्ही काय भोगलं ते आम्हाला माहीत. भुईबावड्यातनं ट्रक समोर आला की रिव्हर्स कोण घेणार यावर तासभर चर्चा. समितीनं पाहणीला यायचं असेल तर जुलैत या म्हणावं, धुक्यात.

वकीलीणबाई

दिल्लीत_होतो यांनी प्रक्रिया छान सांगितली आहे. मी जास्तीची बाजू मांडते, ती म्हणजे काय चालत नाही.

लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत १६० पासून पुढे याचिकांचे नियम आहेत. याचिका तीन गोष्टींवर करता येते: सभागृहापुढे आलेलं किंवा प्रसिद्ध झालेलं विधेयक, सभागृहात प्रलंबित असलेलं कामकाज, किंवा सार्वजनिक हिताचा विषय. या तिसऱ्याला मोठी शेपटी आहे. न्यायालयाच्या किंवा वैधानिक न्यायाधिकरणाच्या कक्षेतला विषय नको. राज्याच्या विधिमंडळात मांडायचा विषय नको. ठराव आणून मांडता येण्यासारखा नको. आणि कायद्यात दाद मागायची सोय आधीच असेल तर तोही नको. निम्म्या याचिका इथेच गळत असतील.

त्यामुळे "कोल्हापूरचा विकास करा" असा अर्ज गेला तर गेला. रेल्वे हा निखळ केंद्राचा विषय, त्यामुळे तुमच्या पोरांची निवड चांगली आहे.

@चिमासाहेब_चौक, सर्किट बेंचचं उदाहरण देताय, पण त्या लढ्यात रस्ता आणि कागद दोन्ही होते. उच्च न्यायालयाकडे किती ठराव, निवेदनं, आकडेवारी गेली ते बार असोसिएशनच्या माणसांना विचारा. रस्त्यावरचं तेवढं लोकांच्या लक्षात राहतं.

शिरोळचा_पाहुणा

वकीलसाहेब, मग कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय? उंची ५१९.६ मीटरवरून ५२४ च्या वर न्यायची म्हणतात. २०१९ ला आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४३. आमच्या तालुक्यात माणसं माळ्यावर राहिली. रेल्वेपेक्षा हा अर्ज आधी करा की.

वकीलीणबाई

विषय तुमचा जास्त गंभीर आहे, वाद नाही. पण तो कृष्णा पाणीवाटपाचा, आंतरराज्य तंट्याचा भाग आहे. लवाद, सर्वोच्च न्यायालय, सगळं त्यात आलं. याचिका समिती "न्यायप्रविष्ट" म्हणून बाजूला ठेवेल अशीच शक्यता जास्त. तिथे राज्य सरकारवरच दबाव ठेवावा लागणार.

शिरोळचा_पाहुणा

म्हणजे बुडणाऱ्यानं अर्ज करायचा नाही, प्रवासाला जाणाऱ्यानं करायचा. चांगलंय.

तांबडा_पांढरा

पाहुणं, तुमच्यासाठी पांढरा जास्त वाढायला सांगतो. शांत व्हा.

सुभेदार_टाकळीकर

जय हिंद. मी सैनिक टाकळीचा, सेवानिवृत्त. समितीचा काही उपयोग नाही असं वर कुणीतरी लिहिलंय म्हणून लिहितोय.

'वन रँक वन पेन्शन' माहीत आहे ना सगळ्यांना? आम्ही माजी सैनिक कित्येक वर्षं ओरडत होतो. एकाच हुद्द्यावरून, तेवढीच सेवा करून आधी निवृत्त झालेल्याला कमी आणि नंतरच्याला जास्त. राज्यसभेच्या याचिका समितीकडे हा अर्ज गेला. समितीनं संरक्षण खात्याला, अर्थ खात्याला बोलावून विचारलं. डिसेंबर २०११ मध्ये अहवाल आला आणि त्यात स्वच्छ शिफारस होती की लागू करा. मागणीची व्याख्या काय, ती पण त्यात नीट लिहिली गेली. तोपर्यंत प्रत्येक अधिकारी आपापली व्याख्या सांगायचा.

समितीचे अध्यक्ष कोण होते माहीत आहे? भगतसिंह कोश्यारी.

चिमासाहेब_चौक

कोश्यारी म्हणजे आपले माजी राज्यपाल?? ते??

सुभेदार_टाकळीकर

तेच. तेव्हा उत्तराखंडचे खासदार होते. राज्यपाल म्हणून तुमचं काय मत असेल ते असू दे, आमच्याकडं त्यांचं नाव त्या अहवालासाठी घेतात.

खवचट_खानावळ

सुभेदारसाहेब, आदर ठेवून एक टाचणी. अहवाल २०११ चा. सरकारी आदेश निघाला नोव्हेंबर २०१५ ला, तोही दिल्लीत जंतरमंतरवर माजी सैनिक महिनोन्महिने बसल्यावर. आणि आदेशात दर पाच वर्षांनी फेरआढावा, म्हणजे मागितलं होतं तसं नाहीच. मग तुम्ही लोक सर्वोच्च न्यायालयात गेलात. मार्च २०२२ च्या निकालात न्यायालय काय म्हणालं? याचिका समितीचा अहवाल म्हणजे सरकारचं धोरण नव्हे. संपलं.

चिमासाहेबांना माझं अनुमोदन. +१

सुभेदार_टाकळीकर

निकाल मी वाचला आहे. धोरण नव्हे हे बरोबर. पण जंतरमंतरवर बसलेल्यांच्या हातात काय होतं? तोच अहवाल होता. "आम्ही म्हणतो" आणि "संसदेची समिती म्हणते" यात फरक पडतो साहेब. कागद नसता तर आम्हाला पेन्शनवाढ मागणारे म्हातारे म्हणून घरी पाठवलं असतं. पाच वर्षांच्या आढाव्याबद्दल नाराजी आहे, ती आहेच.

वकीलीणबाई

सुभेदारसाहेब, नमस्कार. तुमचा हा प्रतिसाद धागाकर्त्यांनी चिकटवून ठेवावा.

लेस्टरकर

इकडचं थोडं सांगतो, मूळ राजारामपुरीचा आहे. ब्रिटनमध्ये सह्यांवरच सगळा खेळ आहे. संसदेच्या संकेतस्थळावर याचिका टाकायची, १० हजार सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं, एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. त्यासाठीची समिती २०१५ पासून आहे. २०१९ ला ब्रेक्झिट रद्द करा म्हणून ६० लाखांवर सह्या झाल्या होत्या. चर्चा झाली. ब्रेक्झिट काही रद्द झालं नाही.

पोरांच्या डोक्यातला एक लाखाचा आकडा बहुतेक इकडून आलाय.

रंकाळ्याकाठी

@लेस्टरकर, बरोबर ओळखलंत! एक जण रीलमध्ये बघून आलाय.

सगळ्यांना धन्यवाद. सही एकच पुरते हे ऐकून पोरांचे चेहरे पडलेत. त्यांना महाद्वार रोडला मांडव घालून बसायचं होतं.

भुदरगडची_लेक

माझा अनुभव संसदेचा नाही, मुंबईचा आहे. विधानमंडळाची विनंती अर्ज समिती असते, विधानसभेची वेगळी आणि परिषदेची वेगळी. आमच्या भागातल्या एका पाझर तलावाखाली गेलेल्या जमिनींचा मोबदला अडकला होता. एका आमदारांमार्फत विनंती अर्ज गेला.

पहिल्यांदा तर बरेच महिने काहीच नाही. आम्ही विसरून गेलो. मग एक दिवस गावात तलाठी, सर्कल, त्यांच्यामागं अजून कोण कोण, सगळे हजर. मोजणी काय, पंचनामा काय! समितीनं खात्याकडं माहिती मागितली होती आणि खात्याकडं माहितीच नव्हती, म्हणून ती गोळा करायची धावपळ. आमचं काम निम्मं तिथंच झालं. कुणाच्या खात्यावर किती क्षेत्र गेलं हे पहिल्यांदा कागदावर आलं. सुनावणीला मुंबईला बोलावलं तेव्हा माझे काका गेले होते. त्यांना वाटलेलं कोर्टासारखं असेल. तिथं एका सदस्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं, "यांना पत्र पाठवलं म्हणता, मग यांच्या हातात ते का नाही?" काकांना त्या एका प्रश्नाचंच कौतुक, अजून सांगतात.

पैसे मिळाले का? काहींना मिळाले. काहींचे वारसांचे वाद होते, ते तसेच राहिले. समिती भावाभावातली भांडणं मिटवत नाही.

@रंकाळ्याकाठी, एक सांगते. मागणी जितकी बारीक लिहाल तितकं बरं. आमच्या पहिल्या मसुद्यात शेतकऱ्यांवरचा अन्याय, सरकारची उदासीनता असलं बरंच होतं. आमदारांच्या स्वीय सहायकांनी सगळं खोडलं आणि गट नंबर लिहायला लावले.

दिल्लीत_होतो

@भुदरगडची_लेक, उत्तम. दिल्लीतही असंच चालतं. समितीचं पत्र आलं की मंत्रालयात पहिल्यांदा फाईल शोधली जाते.

पन्हाळ्यावरून

थोडा विरोधी सूर लावतो. ही रेल्वे हवीच आहे का, याचा कुणी विचार केलाय? सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली कोकणात उतरवायची म्हणजे बोगदे आणि डोंगर कापणं आलं. गगनबावड्याचा पाऊस बघा, दरडी बघा. कोळसा आणि कंटेनर बंदरातून वर आणण्यासाठी जंगल द्यायचं, आणि आपण म्हणायचं कोकणात जायला सोय झाली.

गगनबावडेकर

पन्हाळ्यावर रस्ता हाय, गाडी हाय, हॉटेलं हायत. तिथनं आमच्या जंगलाची काळजी करणं सोपं हाय भाऊ. आमच्यातलं माणूस सिरीयस झालं की कोल्हापूरला न्यायला काय लागतं ते येऊन बघा.

पन्हाळ्यावरून

सिरीयस माणसाला रेल्वेनं नेणार आहात का? तुम्हाला घाट नीट हवा आहे आणि गावात डॉक्टर हवा आहे. ते मागा, मी पण सही करतो.

वकीलीणबाई

दोघांनाही: विरोधातली याचिकाही करता येते. एकाच विषयावर दोन्ही बाजूंचे अर्ज समितीपुढे जाऊ शकतात. पन्हाळ्यावरून, तुम्ही स्वतंत्र अर्ज करा, त्यात पर्यावरणाचा अभ्यास कधीचा आहे आणि तो लोकांपुढे ठेवा एवढं मागा. आणि घाट आणि डॉक्टर हे मुंबईच्या समितीकडे, दिल्लीच्या नव्हे.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

अवांतर: रेल्वेचा विषय निघालाच आहे तर मिरजेपर्यंत दुसरा रूळ कधी होणार? क्रॉसिंगला गाडी उभी राहिली की हातकणंगल्याला उतरून चहा पिऊन परत चढता येतं.

तांबडा_पांढरा

हातकणंगल्यात चहा? रुकडीला थांबली तर बघा, भडंग घेऊन यायचं.

संपादक_मंडळ

कृपया खाद्यपदार्थांसाठी वेगळा धागा काढावा.

खवचट_खानावळ

माझा एक खरा प्रश्न, टोमणा नाही. अर्ज मराठीत चालतो का? घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदात गाऱ्हाणं संघराज्यातल्या किंवा राज्यातल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क दिलाय असं वाचलंय.

दिल्लीत_होतो

अनुच्छेद बरोबर. पण लोकसभेच्या नियमानुसार याचिका हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. मराठीत लिहिली तर अर्जदाराच्या सहीनिशी त्या दोनपैकी एका भाषेतला अनुवाद सोबत लागतो. मी तरी मराठी मूळ आणि हिंदी अनुवाद असे दोन्ही पाठवेन.

भाषेवरून आठवलं, भाषा आदरपूर्वक, सभ्य आणि संयत हवी असंही नियमात आहे. नमुन्यात शेवटी "आपले अर्जदार कर्तव्यबुद्धीने सदैव प्रार्थना करतील" अशा अर्थाचं वाक्य असतं.

चिमासाहेब_चौक

संयत?? मग कोल्हापूरचा अर्ज नियमात बसणं अवघडच. 😄

गंगावेसचा_कट्टा

"माननीय लोकसभा, काय लावलंय हे, रूळ टाकताय का येऊ तिकडं" असं चालणार नाही म्हणजे.

लेस्टरकर

हसून मेलो.

भुदरगडची_लेक

अजून एक शंका. लोकसभा विसर्जित झाली तर? तोपर्यंत निकाल लागला नाही तर परत पहिल्यापासून?

दिल्लीत_होतो

हो. लोकसभेच्या समितीकडे प्रलंबित असलेल्या याचिका विसर्जनाबरोबर व्यपगत होतात. राज्यसभा कायम असते, तिथे तो प्रश्न नाही. म्हणून वेळखाऊ विषय काही लोक मुद्दाम राज्यसभेत नेतात. आपल्याकडून लोकसभेत शाहू छत्रपती आणि धैर्यशील माने आहेत, राज्यसभेत धनंजय महाडिक. पक्ष वेगवेगळे आहेत, पण याचिका मांडायला पक्ष आड यायचं कारण नाही. कुणालाही विनंती करता येईल. मी असतो तर राज्यसभेचा मार्ग धरला असता, कारण रेल्वेची कामं निवडणुकीच्या वेळापत्रकाने चालत नाहीत.

आणखी एक. याचिकेच्या साच्यात न बसणारी निवेदनं, पत्रंसुद्धा लोकसभेची समिती विचारात घेऊ शकते. तिथल्या निर्देशांत तारेचाही उल्लेख आहे, म्हणजे टेलिग्रामचा. तार २०१३ ला बंद झाली. निनावी पत्र घेत नाहीत. आणि दुसऱ्या कुणाला लिहिलेल्या पत्राची नुसती प्रत पाठवली तर तीही बाजूला पडते, जोवर त्या प्रतीवर समितीकडेच स्पष्ट दाद मागितलेली नाही. आपल्याकडे "प्रत माहितीसाठी" म्हणून पंतप्रधानांपासून सरपंचापर्यंत यादी करायची सवय आहे, ती इथे उपयोगाची नाही.

चिमासाहेब_चौक

बरं, समजा समितीनं बोलावलं. मग आपण तिथलं सगळं लाईव्ह करू शकतो का? पोरांना तेच आवडेल.

वकीलीणबाई

अजिबात नाही. समितीपुढचा पुरावा सभागृहात मांडला जाईपर्यंत बाहेर फोडायचा नसतो. हक्कभंगाचा प्रश्न येऊ शकतो. रेल्वे राहिली बाजूला, पोरांनाच दिल्लीला बोलावतील.

रंकाळ्याकाठी

काल रात्री तालमीत बसून मसुदा केला. मागणी अशी लिहिली आहे: "कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्गाचे काम तातडीने सुरू करून पश्चिम महाराष्ट्र व कोकण यांचा सर्वांगीण विकास साधावा, ही विनंती." बघा कसं वाटतंय.

दिल्लीत_होतो

नाही चालणार. म्हणजे चालेल, पण मंत्रालयाचं उत्तर मी आत्ताच लिहून देतो: "सदर प्रकल्प शासनाच्या विचाराधीन असून निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल." समितीला त्यात पकडायला काही मिळणार नाही.

"तातडीने" आणि "सर्वांगीण" काढा. मंत्रालयाला ज्याचं उत्तर हो, नाही किंवा तारखेत द्यावं लागेल असं मागा. २०१६ च्या अर्थसंकल्पात मार्ग आल्यापासून प्रत्येक वर्षी त्यासाठी किती तरतूद झाली आणि किती खर्च झाला, हे सभागृहापुढे ठेवावं. सर्वेक्षणाची आणि भूसंपादनाची आजची स्थिती टप्प्याटप्प्याने सांगावी. खर्चात राज्याचा वाटा ठरला आहे का, ठरला असेल तर कोणत्या पत्राने. काम कुठल्या परवानगीवाचून थांबलं आहे आणि तो अर्ज कोणत्या तारखेला केला. हे चार मिळाले की समितीच्या सदस्यांना पुढचं विचारायला जागा मिळते. रेल्वे द्या असं म्हणायची गरजच नाही.

खवचट_खानावळ

हे चार प्रश्न माहितीच्या अधिकारातही विचारता येतात. तीस दिवसांत उत्तर, दहा रुपये. समिती कशाला?

दिल्लीत_होतो

विचारा, आधी तेच करा. आलेली उत्तरं याचिकेच्या मजकुरात घाला, फक्त जोडपत्र म्हणून लावू नका. "मंत्रालय स्वतः असं म्हणतं" हे वाक्य समितीला फार आवडतं. माहिती अधिकारात तुम्हाला उत्तर मिळतं, तिथे उलटा प्रश्न विचारायला कुणी बसलेलं नसतं.

पन्हाळ्यावरून

परवानगीवाचूनचा तो चौथा मुद्दा मला मान्य आहे. त्यात वन आणि पर्यावरण असे शब्द स्पष्ट घालणार असाल तर मी पण सही करतो. वेगळा अर्ज करत बसत नाही.

गगनबावडेकर

घाला की. आमची काय ना नाही.

चिमासाहेब_चौक

मी अजूनही म्हणतो की रस्त्यावर उतरल्याशिवाय काही नाही. पण अहवाल हातात असला तर दसरा चौकात फलकावर लिहायला बरा पडेल. सुभेदारसाहेबांचं ते पटलं. सही करतो.

सुभेदार_टाकळीकर

टाकळीत कागद पाठवा. आमच्याकडं सही करणारे भरपूर आहेत आणि पत्ता पूर्ण लिहायची सवय पण आहे.

रंकाळ्याकाठी

ठरलं मग. आधी माहिती अधिकाराचा अर्ज, तो एका पोराच्या नावानं सोमवारी जातोय. उत्तर आलं की मसुदा परत इथं टाकतो. मागणी चारच, प्रत्येक सहीच्या कागदावर वर छापून घेणार. लाखाचा नाद सोडला, पण मांडव घालणारच म्हणतायत, सह्या पाचशे झाल्या तरी चालतील. हिंदी अनुवादाला कोण तयार आहे? आणि आमच्या गल्लीतल्या एक आजी आहेत, सही येत नाही, पण पहिला नंबर त्यांचाच लावायचा हट्ट धरून बसल्यात. त्यांचं कसं करायचं?

वकीलीणबाई

अंगठा चालतो, नियमातच आहे. नाव आणि पत्ता शेजारी नीट लिहा. हिंदी मी करून देते, मसुदा पक्का झाला की पाठवा.

तांबडा_पांढरा

मांडवात जेवणाचं काय ठरलं?